ड्रॉप्स लावूनही मांजराच्या पिसवा परत येतायत? दुसरी ट्यूब फोडायच्या आधी हे तपासा

आधी घाईतल्या लोकांसाठी. मांजराला कुत्र्याची पिसवांची ट्यूब लागली असेल, किंवा कुठलंही औषध लावल्यानंतर कान सारखे फडफडतायत, अंगावरची कातडी थरथरतेय, चालताना मागचे पाय सटकतायत, लाळ गळतेय, अंग तापलंय असं काही दिसत असेल तर बाकीचं नंतर वाचा. डॉक्टरांना फोन लावा आणि औषधाची जागा कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन दोनतीनदा फेस काढून धुवा. गरम पाणी नको, त्याने कातडीतून औषध अजून आत जातं, आणि गार पाणी पण नको कारण मांजर गारठलं की त्रास वाढतो. नीट पुसून टॉवेलमध्ये गुंडाळा, औषधाचं रिकामं पाकीट पिशवीत टाका आणि निघा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ निघा. दूध पाजणं, तेल पाजणं, उलटी काढायला मीठ देणं यातलं काहीही करू नका. आणि सकाळपर्यंत वाट बघणं तर अजिबात नको.

आता मूळ प्रश्न. पाऊस सुरू झाला की ओळखीतल्या दर दुसऱ्या मांजरवाल्याचा हाच मेसेज येतो, की ड्रॉप्स लावून आठदहा दिवस झाले, पहिले दोन दिवस बरं वाटलं आणि आता परत खाजवतेय, परत पिसवा दिसतायत, औषध डुप्लिकेट निघालं का, अजून एक ट्यूब लावू का, दुकानवाला म्हणतो कुत्र्याची स्ट्राँग असते ती अर्धी लावा. या शेवटच्या दोन वाक्यांसाठीच मी हे लिहितेय. पिसवा परत दिसल्या म्हणजे बहुतेक वेळा औषध फेल गेलेलं नसतं, घरात राहिलेली पिल्लावळ बाहेर येत असते. आणि मांजरांना औषधाची बाधा झालेली मी जेव्हा जेव्हा बघितली ती याच टप्प्यावर, माणूस वैतागून डोस वाढवतो किंवा दुसरंच काहीतरी लावतो तेव्हा.

घरात काय चाललेलं असतं ते आधी समजून घ्या. मांजराच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. बाकीच्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश अशा रूपात असतात आणि त्या मांजरावर नसतातच, गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली, चपलांच्या रॅकमागे असतात. मादी पिसू रक्त प्यायली की एकदोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि दिवसाला ४०-५० पर्यंत घालते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, मांजर जिथे झोपतं, जिथून उडी मारतं तिथे गळून पडतात. अळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून त्या अंधारात खोल घुसतात आणि मोठ्या पिसवांची वाळलेली रक्ताळ शी खाऊन वाढतात. मग कोश. हा कोश चिकट असतो, त्याला बाहेरून धूळ आणि केस लागतात, फवारायचं कुठलंच औषध त्याच्या आत धड पोचत नाही, आणि आतली पिसू तशीच काही महिने गप बसू शकते. कोणी गादीवर बसलं, जमीन हादरली, श्वासाची ऊब लागली की पटकन बाहेर येऊन उडी मारते. गावचं घर दोन महिने बंद असतं आणि दार उघडून आत पाऊल टाकलं की पायावर पिसवा चढतात, त्याचं कारण हेच.

अळ्यांना दमट हवा लागते, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्या सुकून मरतात. म्हणून मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर आणि पुढचा ऑक्टोबरचा उकाडा हा पिसवांचा सुगीचा काळ, उबदार दमट हवेत अंड्यापासून मोठी पिसू व्हायला तीनेक आठवडे पुरतात. म्हणजे तुम्ही आज औषध लावलंत तरी जी अंडी मागच्या आठवड्यात पडलीत त्यांच्यातून पिसवा येतच राहणार, मांजरावर उड्या मारणार आणि मग औषधाने मरणार. मरायला २४ ते ४८ तास लागतात आणि तेवढ्या वेळात तुम्हाला त्या दिसणार. उलट औषध लावल्यावर पहिल्या दिवशी पिसवा जास्तच दिसतात, कारण औषध भिनलं की त्या बिथरतात आणि केसांच्या वर येतात. हे सगळं औषध चालू असल्याचं लक्षण आहे.

मग खरंच चालतंय की नाही हे कळायचं कसं? बारीक दातांची फणी घ्या, पिसवांची मिळते ती नसेल तर उवांची चालेल, आणि रोज एकाच वेळी मान, पाठ आणि शेपटीच्या बुडाशी फिरवा. शेजारी वाटीत साबणाचं पाणी ठेवा, फणीत पिसू आली की लगेच त्यात बुडवायची, नुसत्या पाण्यात ती मरत नाही, बोटाने चिरडत बसू नका. मिळालेल्या पिसवा मलूल असतील, रोज कमी कमी होत असतील तर धीर धरा. औषध लावून दोन दिवस उलटल्यावरही टणाटण उड्या मारणाऱ्या भरपूर पिसवा मिळत असतील तर मग पुढचं बघायला लागेल.

फणीत पिसू नाही, नुसती काळी मिऱ्याच्या पुडीसारखी कणी आली तर ती पांढऱ्या टिश्यूवर घ्या, वर दोन थेंब पाणी टाका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर तशीच काळी राहते. कणीच्या भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची शी आहे, पचलेलं रक्त. मांजरं स्वतःला इतकं चाटतात की पिसवा गिळून टाकतात, त्यामुळे अंगावर एकही जिवंत पिसू दिसत नाही आणि तरी शेपटीच्या वरचे केस झडलेले, मानेवर बारीक खपल्या अशी अवस्था असते. तिथे ही टिश्यूची टेस्ट फार कामाला येते. आणि डाग पडलाच नाही, कणीच नाही, तर कृपा करून पिसवांचं औषध लावत बसू नका. खाज बुरशीची असू शकते, कानातल्या माइट्सची, म्हणजे अगदी बारीक किड्यांची, असू शकते (कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ दिसतो), खाण्याच्या ॲलर्जीची असू शकते, आणि त्यातलं काय ते डॉक्टरच बघून सांगतील.

पिसवा आहेत हे नक्की झालं तर पुढचा संशय औषधावर नको, लावण्याच्या पद्धतीवर घ्या, कारण अर्ध्याहून जास्त गडबड इथे असते असं मला वाटतं. ड्रॉप्स कातडीवर पडायला हवेत. मांजर हलतंय म्हणून लोक घाईत केसांवर ओततात, तेलकट गुच्छ तयार होतो, औषध तिथेच वाळतं आणि मग म्हणतात लागू पडलं नाही. फिप्रोनिलसारखं औषध कातडीवरच्या तेलातून एकदोन दिवसांत अंगभर पसरतं आणि तैलग्रंथींमध्ये साठून राहतं, तिथून हळूहळू बाहेर येत राहतं. केसांवर राहिलेलं औषध तिथपर्यंत जातच नाही.

जागा मानगुटीची, आणि तीही वरची, कवटी संपते तिथे, दोन कानांच्या मागे मधोमध. मांजराची आई पिल्लाला उचलते त्याच्या थोडं वर. खांद्यांच्या मध्ये लावलं तर लवचिक मांजर मान वळवून चाटतं. एकाने मांजर मांडीवर किंवा टेबलावर टॉवेलमध्ये धरायचं, दुसऱ्याने डाव्या हाताच्या दोन बोटांनी केसांचा भांग पाडायचा, पांढरट कातडीची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे, ट्यूबचं तोंड त्या रेघेला टेकवायचं आणि हळू दाबायचं, आणि दाब न सोडता ट्यूब उचलायची, नाहीतर औषध परत आत ओढलं जातं. मग चोळायचं नाही. हात साबणाने धुवायचे, जागा वाळेपर्यंत मुलांनी मांजराला कुरवाळायचं नाही, आणि देवाजवळ निरांजन किंवा किचनमध्ये गॅस चालू असेल तिथे हे काम करायचं नाही कारण यातली बरीचशी औषधं अल्कोहोलसारख्या ज्वलनशील द्रावात असतात. घरात दोन मांजरं एकमेकांना चाटत असतील तर वाळेपर्यंत वेगळ्या खोल्यांत.

वेळेबद्दल माझा एक आग्रह आहे. औषध सकाळी लावा, वर्किंग डेला, तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा असेल आणि दिवसभर घरी कोणीतरी असेल अशा दिवशी. लोकांना शनिवारी रात्री सुट्टी म्हणून वेळ मिळतो, लावून झोपतात, आणि काही झालंच तर रविवारी सगळीकडे कुलूप.

अंघोळ हा दुसरा मोठा घोळ. आधी शॅम्पू लावून स्वच्छ करू, मग औषध, असं वाटणं साहजिक आहे, पण शॅम्पूने कातडीवरचं तेल जातं आणि औषध पसरायला तेच तेल लागतं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. तसंही मांजराला अंघोळीची गरज क्वचितच असते.

वजन. अंदाजाने सांगू नका की चार किलो असेल. घरच्या वजनकाट्यावर तुम्ही मांजराला घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिडच्या मांजरांच्या ट्यूबमध्ये ४ किलोच्या आत ०.४ मिली आणि ४ किलो किंवा जास्त असेल तर ०.८ मिली असे दोन साइझ येतात, म्हणजे गुबगुबीत बोक्याला छोटी ट्यूब लावली तर डोस अर्धाच पडला, आणि तीन किलोच्या मनीला मोठी लावली तर दुप्पट. फिप्रोनिलमध्ये मांजराची ट्यूब ०.५ मिलीची असते आणि २० ते ४० किलोच्या कुत्र्याची २.६८ मिलीची, पाचपटीच्या वर. हे माहीत असलं की "अर्धी लावा" मधली गंमत संपते.

आणि आता कुत्र्याच्या ट्यूबबद्दल, कारण प्रश्न नुसता डोसचा असता तर मी इतकं पोटतिडकीने लिहिलं नसतं. कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि तेही ४०-५० टक्के किंवा त्याहून जास्त. कुत्र्याचं लिव्हर ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरमध्ये ते काम करणारी एक महत्त्वाची यंत्रणा जन्मतःच कमजोर असते, ग्लुक्युरोनिडेशन म्हणतात तिला, त्यामुळे औषध अंगात साचत जातं आणि नसांवर हल्ला करतं. कधी दोनतीन तासांत, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अर्धी ट्यूब काय, काही थेंबसुद्धा जिवावर बेतू शकतात. यावर थेट उतारा असं औषध नाही, डॉक्टर मेथोकार्बामॉलसारखं स्नायू सैल करणारं औषध, झटक्यांवर इंजेक्शन, सलाइन, काही ठिकाणी शिरेतून लिपिड (चरबीचं द्रावण) असं देत मांजराला त्या दोनतीन दिवसांतून पार नेतात. वेळेत नेलं तर बरीच मांजरं वाचतात, म्हणूनच सुरुवातीचा तो परिच्छेद.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली एक पांढरी-भुरी मांजरी अशीच गेलेली परत आली. दुकानात मांजराची ट्यूब संपली होती, दिली ती छोट्या कुत्र्याची, "सेमच असते" म्हणून. दुपारी लावली. संध्याकाळी तिचा एक कान असा टिचकी मारल्यासारखा उडत होता, सारखा, आणि घरच्यांना वाटलं माशी बसतेय. मग तोंडावरची कातडी उडायला लागली, मग गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकायला लागले. नशीब की वरच्या मजल्यावरच्या मुलीला हे काय आहे ते माहीत होतं. मांजरीला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून खायला लागली. तो उडणारा कान लक्षात ठेवा, सुरुवात बहुतेक तिथूनच दिसते.

"सेमच असते" हे लोकांना खरं वाटतं कारण नावं खरंच सारखी असतात. फ्रंटलाइन प्लसमध्ये फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रिन असतं, त्याची मांजरांची वेगळी ट्यूब येते. फ्रंटलाइन ट्राय-ॲक्ट मात्र फक्त कुत्र्यांचं, त्यात फिप्रोनिलबरोबर परमेथ्रिन. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: ॲडव्हांटेज टू मांजरांचं मिळतं, त्यात परमेथ्रिन नाही, आणि शेजारच्याच खणात के-नाइन ॲडव्हांटिक्स टू असतं, त्यात आहे, दोन्ही नावं घाईत वाचली तर एकच. तिथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, २००९ साली ड्रॉप्समुळे होणाऱ्या त्रासाच्या वाढत्या तक्रारी बघून तपास केला आणि २०१० मध्ये कुत्र्यांच्या औषधांवर मांजरांसाठीचे इशारे जास्त ठळक हवेत असं सांगितलं. इशारा छापलेला असतो, आपण वाचत नाही. त्यामुळे पाकिटावरचं मोठं नाव सोडून द्या आणि मागे बारीक अक्षरांत जे घटक लिहिलेत ते वाचा, मांजराचं चित्र आणि "फॉर कॅट्स" बघा, वजनाचा पट्टा बघा, एक्सपायरी बघा. सुटी ट्यूब, पाकिटाशिवाय, कधीच घेऊ नका.

परमेथ्रिन इतर वाटांनीही घरात येतं. माणसांच्या खरजेवरचं ५ टक्क्यांचं क्रीम, उवांचं लोशन, झुरळांचे स्प्रे यात तेच किंवा त्याची भावंडं असतात, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. मुंग्या-झुरळांच्या खडूतही. गावाकडे गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात कालवून मांजराला पुसतात, ते हेच असतं, किंवा अमिट्राझ असतं आणि तेही मांजराला चालत नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि मांजर कुत्र्याच्या कुशीत झोपत असेल तर कुत्र्यालाही परमेथ्रिन नसलेलंच औषध मागा. आधीच लावून झालं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत, खरं तर दोनतीन दिवस, दोघांना लांब ठेवा.

घरगुती उपायांबद्दल लोक रागावतात पण सांगायलाच हवं. कापूर मांजराला विषारी आहे. डांबराच्या गोळ्या गादीखाली ठेवतात, त्याही. टी ट्री ऑइल, लिंबाच्या सालीचं तेल, इतर उग्र सुगंधी तेलं, सगळी नको. कडुलिंबाचं किंवा करंजाचं कच्चं तेल चोळलं तर मांजर ते सगळं चाटून पोटात घेणार. रॉकेलने कातडी भाजते. लसूण खायला घालून पिसवा जात नाहीत, रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. फिनेलने फरशी पुसली की ओले पंजे चाटले जातात आणि फिनॉलचंही मांजराच्या लिव्हरला तसंच जड जातं. आपल्या आज्या हे वापरायच्या हे खरं आहे, पण तेव्हाचं मांजर दिवसभर बाहेर असायचं आणि त्याचं काय झालं हे कोणी बघत नव्हतं.

बरं, औषध बरोबर, वजन बरोबर, कातडीवर पडलं, अंघोळ नाही, तरी पिसवा. मग घरातले सगळे प्राणी घेतलेत का? एकच मांजर खाजवतं म्हणून एकालाच औषध लावतात, दुसरं मांजर चुपचाप पिसवा पोसत असतं. सगळ्यांना एकाच दिवशी, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वजनाचं. (घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या जवळपासही आणू नका, सशाला ते घातक आहे.) जिन्यातली मांजरं तुमच्या मांजराजवळ येत असतील तर त्यांना जी व्यक्ती खायला घालते तिच्याशी बोला आणि डॉक्टरांना विचारून त्यांचंही करा, दोघातिघांत खर्च वाटला जातो.

आणि घर. मांजर झोपतं ती चादर, उशीचे अभ्रे, सोफ्याचे कव्हर आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, ६० अंशांवर, आणि मग कडक उन्हात. पावसात ऊन नसतं तेव्हा मांजराला जुन्या चादरीचे तुकडे द्या, ते पटापट धुता येतात. व्हॅक्युम असेल तर रोज पहिले दोन आठवडे, नसेल तर ओल्या फडक्याने कोपरे, कारण केरसुणीने नुसती अंडी इकडची तिकडे होतात. दिवाण पुढे ओढा. गादीच्या शिवणी, सोफ्याची सांदी, खिडकीची कड जिथे मांजर तासन्‌तास बसतं, कपाटावरच्या बॅगा, पोटमाळा, जुन्या घरात लाकडी फळ्यांच्या फटी. व्हॅक्युमचा कचरा पिशवी बांधून लगेच घराबाहेर. व्हॅक्युमच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणून दोन दिवस पिसवा वाढल्यासारख्या वाटतील, वाटू देत, बाहेर आल्या की औषध लावलेल्या मांजरावर मरतात. म्हणून मांजराला घरातून हलवू नका, तेच तुमचा सापळा आहे. पेस्ट कंट्रोल बोलावलंच तर त्यांना मांजर आहे हे आधी सांगा, काय फवारणार ते लिहून घ्या, फवारलेलं पूर्ण वाळून खोल्या मोकळ्या होईपर्यंत मांजर बाहेर, आणि फिश टँक असेल तर झाकून पंप बंद, ही औषधं माशांना मारतात.

हे सगळं किमान तीन महिने करायचं, दर महिन्याला ड्रॉप्स, तारीख कॅलेंडरवर लिहून. एक महिना लावून बरं वाटलं म्हणून थांबलं की कोशातल्या उरलेल्या पिसवा बाहेर येतात आणि तुम्हाला वाटतं परत झाल्या. मध्ये डोस वाढवायचा नाही, दोन आठवड्यांनी दुसरी ट्यूब नाही, आणि दुसऱ्या कंपनीचं वरून लावायचं तर बिलकुल नाही. तीन महिने नीट करूनही फरक नसेल तर डॉक्टर औषधाचा गट बदलतात. सेलामेक्टिन हा एक पर्याय, ते पिसवांबरोबर कानातल्या माइट्सवर आणि काही जंतांवरही चालतं. फ्लुरालानर एकदा लावलं की १२ आठवडे टिकतं पण मांजराला आधी कधी झटके आलेले असतील तर ते डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे, या गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, २०१८ मध्ये थरथर आणि झटक्यांचा इशारा दिलेला आहे. अंडी उबू न देणारा घटक, म्हणजे मेथोप्रिन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असलेलं औषध मागून बघा, घरातली पैदास त्याने तुटते.

साधा त्रास आणि गंभीर त्रास यातला फरक सांगून ठेवते. लावलेल्या जागी केस चिकट होणं, पांढरी पावडर दिसणं, थोडी लाली, मांजराने पलंगाखाली रुसून बसणं हे एकदोन दिवसांत जातं. औषध चाटलं तर तोंडाला भसाभसा फेस येतो, बघून घाबरायला होतं पण मांजरांच्या औषधाच्या बाबतीत तो बहुतेक नुसता कडू चवीचा असतो, पाणी किंवा थोडं ओलं खाणं पुढे करा आणि लक्ष ठेवा. फेस तासाभरानेही थांबला नाही, उलट्या होतायत, किंवा वर सांगितलेली थरथर दिसली तर निघायचं.

सगळ्यात जास्त काळजी पिल्लांची. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्पॉट-ऑन, म्हणजे हे कातडीवर टाकायचे ड्रॉप्स, लावू नका, मोठ्या मांजराची ट्यूब वाटून तर नकोच. पावसात कोणीतरी खोक्यात सोडून दिलेली पिल्लं येतात तेव्हा अंगावर पिसवा वळवळत असतात आणि बघणाऱ्याला लगेच काहीतरी लावावंसं वाटतं. फणी घ्या, कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, आधी मानेभोवती फेसाचं कडं करा म्हणजे पिसवा तोंडाकडे पळत नाहीत, पाच मिनिटांत उरका आणि लगेच पूर्ण कोरडं करून ऊब द्या, दर दिवशी फणी. फिप्रोनिलचा एक स्प्रे डॉक्टर अगदी लहान पिल्लांवरही वापरतात पण किती आणि कसा हे त्यांनीच ठरवायचं. गाभण किंवा पाजणारी मांजरी, म्हातारं, आजारी, खूप अशक्त मांजर यांच्यासाठीही आधी विचारा, मग लावा.

पिल्लाची हिरडी वर करून बघा. गुलाबी हवी. पांढुरकी असेल, पिल्लू ढिलं पडलेलं असेल तर पिसवांनी रक्त कमी झालंय, लहान पिल्लं यानेच जातात, त्याच दिवशी दाखवा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, बाहेरगावी तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. जाताना मांजराचं वजन, लावलेल्या औषधाचं पाकीट, लावल्याची तारीख आणि डाग पडलेला तो टिश्यू बरोबर न्या. आणि शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना किंवा वाळलेलं दिसलं असेल तर तेही सांगा, तो पट्टकृमीचा तुकडा असतो, पिसू गिळल्यामुळे होतो, ड्रॉप्सनी तो जात नाही, त्याला प्रॅझिक्वान्टेलची गोळी वजनानुसार वेगळी द्यावी लागते.